वाकडं अंगण

तळघरात दिवस नसतो. वर मे महिना आहे,
डंडीत रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो.
मी मासा बसवते आहे:
तीन दिवसांचा झेब्राफिश, पापणीच्या केसाहून आखूड,
भूल दिलेला, चायनाग्रासच्या वडीत कुशीवर निजवलेला.
वहीत मी अॅगरोज लिहिते. हाताला मात्र चायनाग्रासच कळतं.

वरच्या थरात सगळं लख्ख.
शंभर मायक्रॉन खाली उतरलं
की मज्जापेशी फुगतात, टिंबाचा स्वल्पविराम होतो.
या दोषाचं नाव कोमा,
दवाखान्यातला नव्हे, शेंडेनक्षत्राच्या शेंडीतला.

खोट भिंगाची नाही, माशाचीही नाही.
मधे कातडी आहे, बलक आहे, धावतं रक्त आहे,
प्रत्येकातून प्रकाश आपापल्या चालीनं येतो
आणि दारात पोचेपर्यंत रांग मोडलेली असते.

नाचता येईना अंगण वाकडं,
मराठीच्या बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या.
बाई, इथे अंगण खरंच वाकडं आहे.
आणि माझी नोकरी ही,
की दुसरं एक अंगण, नाण्याएवढं, चांदीचं,
बरोबर उलट वाकडं करायचं.

आरशाखाली एकोणसत्तर खुंट्या.
ही जरा वर, ती किंचित खाली,
थोडं जास्त, थोडं कमी, फोटो ताडून पाहायचे,
ज्यात उजेड एकवटला तो आकडा ठेवायचा.
पुढचा दोष.
भाजीतलं मीठ असंच जमत जातं.

एक्केचाळिसावी खुंटी मेलेली आहे.
डगी पेट्री म्हणतो, शेजारणी सांभाळून घेतात.
हवेवर तरंगणारं हे टेबल त्यानंच बसवलं,
मी यायच्या अकरा वर्षं आधी.
पहिले सहा महिने मला त्याचं इंग्रजी कळत नव्हतं.
दुपारी दारात उभा राहून विचारायचा, 'पे?'
मी पर्स काढायचे.
पे म्हणजे पाय, पाय म्हणजे मैद्याच्या वाटीतलं मटण,
हे सावकाश उलगडलं.
काल समुद्रावरून धुकं चढून आलं. त्याला इथे हार म्हणतात.
'हार आली,' तो म्हणाला.
पूर्वी मी विचारलं असतं, कोणाची?

धुक्यावर माझ्याकडे औषध नाही.
विखुरलेला प्रकाश गेला तो गेला.
वाकलेला मात्र परत आणता येतो.
एवढा फरक कळायला मला तीन वर्षं लागली,
आणि बहुतेक त्यासाठीच मी थांबले.

साडेबाराला शेपट्या गळून पडल्या.
एक पेशी, तिची फांदी, फांदीवरचे बारीक कोंब.
टिंब. नुसतं टिंब.
उठून कोणाला तरी दाखवावं असं वाटलं. इमारतीत कोणी नव्हतं.

मग दहा मायक्रॉन खाली गेले आणि पुन्हा सगळं विस्कटलं.
वरच्या थराचं उत्तर
खालच्या थराला दोषच असतं.

रविवारी उमरग्याहून दीनानाथचा फोन होता.
पैसे पोचले का, घराचा कागद मिळाला का,
तो विचारत होता, मी खिडकीबाहेर बघत 'आय, आय' म्हणत होते.
इथलं हो.
तो थांबला. म्हणाला,
आय झोपलीय गं. उठवू का?

दोन वाजता मासा वडीतून सोडवला, पाण्यात ठेवला.
थोडा वेळ आडवा पडून राहिला, मग शेपूट हलली.
आरसा शून्यावर आणला.
पण शून्य व्होल्ट म्हणजे सपाट नव्हे,
तो मुळातच जरा बशीसारखा खोलगट आहे.
सपाटीचे आकडे निराळे. ते एका फाइलीत असतात,
डगी दर सोमवारी नव्यानं मोजतो,
एक्केचाळीसच्या पुढे फुली मारतो.